नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी बायबलमध्ये जागा आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकलं. मूलबाळ नाही. भावाच्या घरी राहता. मदर्स डेला चर्चमध्ये आयांना उभं करून फुलं देतात, तेव्हा तुम्ही उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभ्या राहता. संदेशात सारा येते, हन्ना येते, मरीया येते, नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री तर दर वर्षी येते. तुमच्यासारखीची आठवण एकदाच निघाली. योहान ४ मधल्या, विहिरीवर येशूशी बोललेल्या शोमरोनी (यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांतल्या) बाईवर बोलताना पाळकसाहेब "अशा बायकांनाही प्रभू जवळ करतो" म्हणाले आणि त्यांची नजर तुमच्या बाकावर आली. वर मामी म्हणतात, हागारलासुद्धा देवाने परत पाठवलं, तूही जा. आणि तुम्ही विचारता, माझ्यासाठी या पुस्तकात काही आहे का?

मी पाळक नाही. सव्वीस वर्षं महिला संघात शास्त्राभ्यास घेते, बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. तेवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

मामींपासून सुरुवात करू, कारण त्या वचनाने तुमच्यासारख्या पुष्कळ जणींना घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे आणि त्यातल्या दोघी तिघी परत आल्या त्या दवाखान्यात.

उत्पत्तीचा सोळावा अध्याय उघडा आणि एकच गोष्ट शोधा: हागारला तिच्या नावाने कोण हाक मारतं. तिची मालकीण साराय (पुढे हिलाच सारा म्हणतात) म्हणते, "माझी दासी". सारायचा नवरा अब्राम (पुढे अब्राहाम) म्हणतो, "तुझी दासी". तिला अब्रामाच्या बिछान्यात पाठवायचं ठरतं तेव्हा तिला विचारल्याचा एक शब्द नाही. ती गरोदर राहते, घरात धुसफूस सुरू होते, साराय तिला इतकं छळते की ती पळते. शूरच्या वाटेवर, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) दिशेने. ती मिसरी होती, माहेरच्या रस्त्याला लागली म्हणा ना. तिथे पाण्याच्या झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला गाठतो आणि पहिला शब्द काढतो तो तिचं नाव. "सारायची दासी हागार, तू आलीस कुठून आणि जातेस कुठे?" त्या गोष्टीतल्या माणसांपैकी एकाच्याही तोंडून तिच्याशी बोलताना हे नाव आलेलं नाही. आणि प्रश्न बघा. कुठून, कुठे. पळून जाणाऱ्या मोलकरणीला हे कोण विचारतं?

ती त्या देवाला नाव ठेवते, "तू पाहणारा देव आहेस", आणि तिथल्या विहिरीलाही पुढे तेच नाव पडतं. अब्राहामाने देवासाठी वेद्या बांधल्या, जागांना नावं दिली. प्रत्यक्ष देवाला नाव देण्याचं धाडस या परक्या दासीने केलं.

आता "परत जा". हो, दूत तसं म्हणतो, ते मी लपवत नाही. पण त्याच दमात तो बाळाचं नाव सांगतो, इश्माएल, म्हणजे देव ऐकतो. मग सोळाव्या अध्यायाच्या शेवटी बाळाला हे नाव कोण ठेवतो? अब्राम. त्याला हे नाव कुणी सांगितलं असेल? हागारनेच सांगितलं असणार, दुसरं कोण होतं तिथे! म्हणजे ती परत आली ती खाली मान घालून आली नाही. देव माझ्याशी बोलला हे तिने सांगितलं, आणि घरच्या मालकाला ते मान्य करावं लागलं. भर वाळवंटात एकट्या गरोदर बाईचं काय झालं असतं, आणि अब्रामाच्या घरी जन्मल्याने त्या मुलाला काय मिळालं, हेही ध्यानात घ्यायला हवं.

आणि पुढचा एकविसावा अध्याय मामी का वाचत नाहीत? तिथे सारा म्हणते, या दासीला आणि हिच्या मुलाला घालवून द्या. भाकरी आणि पाण्याची पखाल खांद्यावर देऊन हागारला घराबाहेर काढतात. बैर-शेब्याच्या रानात पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली टाकते आणि त्याचं मरण बघवत नाही म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन रडते. पुन्हा हाक येते, "हागार, तुला काय झालं?" या खेपेला "परत जा" हा शब्दच नाही. देव तिचे डोळे उघडतो, तिला विहीर दिसते, ती पखाल भरते, पोराला पाजते. त्या रानातच मुलगा मोठा होतो, आणि त्याच्यासाठी मिसरातून बायको ती स्वतः आणते. एकटीने घर उभं केलं.

मामींनी आणखी पुरावा मागितला तर बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं २३:१५ दाखवा. धन्यापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नको, त्याला आवडेल त्या गावी राहू दे. हा नियम आहे, आणि तो मोशेच्या नियमशास्त्रात आहे. एकीला एकदा, एका परिस्थितीत सांगितलेलं वाक्य प्रत्येक बाईच्या गळ्यात बांधायचं आणि नियम मात्र झाकून ठेवायचा, याला शास्त्र वाचणं म्हणत नाहीत. (तुम्ही मारहाणीचं काही लिहिलेलं नाही. पण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी तसं चालू असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. प्रार्थना फोन लावता लावताही करता येते.)

लेआबद्दल मी थोडी पक्षपाती आहे. ती माझी आहे.

आपण लहानपणी कहाण्यांत ऐकलं, राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. लेआ ही याकोबाची नावडती. बापाने तिला रात्रीच्या अंधारात बहीण राहेल हिच्या जागी उभी केली, सकाळी नवऱ्याने ती लेआ आहे हे पाहून आरडाओरडा केला. त्या सकाळी तिला काय वाटलं असेल याबद्दल उत्पत्तीत एक ओळ नाही. मग एक वाक्य येतं: लेआ नावडती आहे असं परमेश्वराने पाहिलं. हागारच्या गोष्टीतलं तेच पाहणं.

तिने मुलांना ठेवलेली नावं म्हणजे तिची डायरी आहे. रऊबेन झाला तेव्हा म्हणाली, परमेश्वराने माझं दुःख पाहिलं, आता नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोनाच्या वेळी, मी नावडती आहे हे परमेश्वराने ऐकलं. लेवी झाला, आता तरी नवरा मला धरून राहील. चौथा यहूदा. तेव्हा नवऱ्याचं नाव नाही, फक्त "आता मी परमेश्वराचं स्तवन करीन". संदेश देणारे इथे थांबतात, कारण गोष्ट इथे छान संपते. पुढे वाचलंत तर सहाव्या मुलाच्या वेळी ती पुन्हा म्हणते, आता माझा नवरा माझ्यापाशी राहील. म्हणजे ते दुखणं गेलं नव्हतं! बरं झालं ते लिहून ठेवलं. आमच्या संघात एक बाई म्हणाली होती, "मी वीस वर्षं साक्ष देते की प्रभूने मला सावरलं, आणि तरी त्याच्या गाडीचा हॉर्न ऐकला की पोटात खड्डा पडतो." लेआला हे कळलं असतं.

कहाणीतली नावडती शेवटी आवडती होते. याकोब लेआवर प्रेम करू लागला असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. पण लेवीच्या वंशात मोशे आणि याजक झाले, यहूदाच्या वंशात दावीद आणि पुढे येशू. आणि याकोब मिसरात मरताना मला मकपेलाच्या गुहेत पुरा म्हणतो, तेव्हा सांगतो की तिथे अब्राहाम आणि सारा आहेत, इसहाक आणि रिबका आहेत, "आणि तिथेच मी लेआला पुरलं". लाडकी राहेल बेथलेहेमच्या वाटेवर एकटी राहिली.

तुम्ही म्हणाल, हागार झाली, लेआ झाली, दोघींनाही मुलं दिली की देवाने. मला कुठे आहेत? हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला गेलाय आणि मुलगे मिळाले म्हणजे कृपा मिळाली असं शिकवणाऱ्यांचा मला रागही आला आहे. म्हणून आता मार्कच्या पाचव्या अध्यायात चला. तिथल्या बाईला नवरा आहे का, मूल आहे का, कुणी विचारतच नाही.

बारा वर्षं रक्तस्राव. पुष्कळ वैद्यांच्या हाती सापडून हाल झालेले, होतं नव्हतं ते खर्चून बसलेली, आणि गुण येण्याऐवजी दुखणं वाढलेलं. लेवीय १५ प्रमाणे ती जिथे बसेल ते आसन अशुद्ध, निजेल तो बिछाना अशुद्ध, त्याला शिवेल त्याने कपडे धुवायचे, अंघोळ करायची आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहायचं. महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात बसलेल्या आपल्या आज्या होत्या, त्यामुळे विटाळ म्हणजे काय हे मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही. ते चार दिवस बारा वर्षं चालू राहिले असं समजा.

एका गावी हा भाग घेत होते. पत्र्याचं चर्च, उन्हाळा, पंधरा वीस बायका. दाराशी एक म्हातारी बसली होती, ऊसतोडीला वीसेक हंगाम जाऊन आलेली. लिहितावाचता येत नव्हतं. मी पुस्तकातून शिकलेलं सांगत होते, शुद्ध काय, अशुद्ध काय. ती मध्येच म्हणाली, "बाई, बारा वरीस कापडं कुठं धुतली आसतील तिनं? आन वाळत कुठं घातली?"

सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक बोलायला लागली. कोपीत आडोसा नसतो, फडात पाणी नसतं, कापड लुगड्याखाली दडवून वाळवायचं, ते ओलंच पुन्हा घ्यायचं. त्या दिवशी माझी टिपणं तशीच राहिली. नंतर मी बऱ्याच टीका-भाष्यांत बघितलं, हा प्रश्न मला कुणी विचारलेला सापडला नाही.

तर ती गर्दीत शिरते. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूला घेऊन निघालाय, त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे. पोरगी जन्मली त्या सुमारास हिचा स्राव सुरू झाला, हे बारा आणि बारा मार्क मुद्दाम शेजारी ठेवतो असं मला वाटतं. ती मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते आणि त्याच क्षणी बरी होते. काम झालं होतं. गुपचूप निघून जायचं, एवढाच तिचा बेत.

येशू थांबतो. "माझ्या वस्त्राला कोण शिवलं?" शिष्य वैतागतात, एवढी गर्दी रेटते आहे आणि हा विचारतो कोण शिवलं! तरी तो बघत राहतो. मग ती थरथर कापत येते, त्याच्या पाया पडते, आणि मार्क लिहितो, तिने त्याला सगळं खरंखरं सांगितलं. सगळं. बारा वर्षांचं सगळं सांगायला किती वेळ लागत असेल? याईर तिथे उभा आहे, हिशेब क्षणांचा आहे, आणि येशू हिचं ऐकून घेतो आहे. तो तिच्याशी बोलतो आहे तेवढ्यात याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली.

मला आधी वाटायचं, तिला सगळ्यांसमोर का उभं केलं, केवढी लाज! आता वाटतं, नसतं केलं तर ती बरी झाली हे गावाला कसं कळलं असतं? घरी गेली असती आणि तीच "ती" राहिली असती. ज्याच्या सभास्थानात ती बारा वर्षं पाऊल ठेवू शकली नसेल, त्या सभास्थानाच्या अधिकाऱ्यासमोर येशू तिला म्हणतो, "मुली". शुभवर्तमानांत "मुली" अशी, लेक या अर्थाने, हाक त्याने एकट्या हिलाच मारली आहे. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, पण एका बापाची लेक घरी वाट बघते आहे त्याच वेळी या बाईला लेक म्हणणारा भेटला. विटाळ झाला म्हणून येशू अंघोळीला गेला नाही, संध्याकाळपर्यंत थांबलाही नाही. तसाच पुढे मुलीच्या प्रेतापाशी गेला आणि तिचाही हात धरला, तोही विटाळच.

लूक १३ मधली अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई मात्र काही मागत नाही, शिवत नाही. येशूच तिला बोलावतो आणि तिला "अब्राहामाची कन्या" म्हणतो. अब्राहामाचे पुत्र पुष्कळ ऐकले होते लोकांनी.

आता तुमचं दुखणं, विहीर. पाळकसाहेबांवर फार रागावू नका, आम्हाला शिकवलंच तसं जातं. मीही पंधरा वर्षं तेच सांगत होते: ती वाईट चालीची होती, म्हणून लोकांचं तोंड चुकवत भर दुपारी पाण्याला आली. पण योहान ४ मध्ये ती दुपारी का आली याचं कारण दिलेलंच नाही. राहेलसुद्धा दिवसाढवळ्याच विहिरीवर आली होती, याकोब तेव्हा म्हणतो की अजून दिवस बराच आहे. राहेलीला कुणी काही बोललं नाही. पाच नवरे झाले म्हणता? त्या काळी सूटपत्र लिहून द्यायचं ते नवऱ्याने. अनुवाद २४ वाचा, बाईला टाकायची रीत आहे. कुणी मेले असतील, कुणी टाकलं असेल. सहावा लग्नाशिवाय ठेवतो आहे, तर त्यात कुणाची सोय असेल? हे माझे अंदाज आहेत, पण "ती उठवळ होती" हाही अंदाजच आहे, आणि दोनांपैकी एक अंदाज गेली शेकडो वर्षं बायकांच्या अंगावर फेकला जातोय. शिवाय गाव तिला वाळीत टाकून बसलं असतं तर तिच्या एका शब्दावर सगळे उठून विहिरीवर कशाला आले असते?

येशू काय करतो ते बघा. तो तहानलेला आहे आणि पाणी मागतो. ती म्हणते, तुम्ही यहूदी, मी शोमरोनी, माझ्या हातचं पाणी कसं मागता? विहीर खोल आहे, तुमच्यापाशी पोहरा नाही. म्हणजे तिच्याच भांड्यातून प्यायचं. महाडच्या तळ्यावर १९२७ साली काय झालं हे ज्या प्रांताला ठाऊक आहे, तिथे या ओळीवर भाष्य लागत नाही. मग दोघांचं बोलणं वाढतं, ती त्याला उलट विचारते, उपासना कुठे करायची यावर वाद घालते, तो तिला खरी उत्तरं देतो. शुभवर्तमानांत येशूचं एका माणसाशी झालेलं इतकं लांब संभाषण दुसरं नाही. आणि मी ख्रिस्त आहे, हे तो योहानाच्या पुस्तकात उघड शब्दांत पहिल्यांदा सांगतो ते तिला.

या अध्यायाचा आपल्या मातीशी एक धागा आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. विशीतली विधवा, कडेवर लहानगी मनोरमा. लंडनच्या फुलहॅम भागात तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनी (नन) ज्या बायकांना समाजाने "पतित" म्हणून टाकलं त्यांची सेवा करतात, हे त्यांनी पाहिलं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहान ४ वाचून दाखवला. रमाबाईंनी हे आपल्या साक्षीत स्वतः लिहिलं आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ती गोष्ट त्या आश्रमातल्या बायकांकडे बोट दाखवून सांगितली गेली नव्हती. मदत करणाऱ्या का मदत करतात, याचं ते उत्तर होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये अशा बायकांसाठी त्यांनी घर काढलं, त्याला नाव दिलं कृपासदन. इब्री आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली बाहेर आलं, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं. टाकलेल्या बायकांनी खिळे जुळवून हागार आणि लेआ छापल्या. मी कधी कधी तेवढ्यावरच थांबून बसते.

सगळ्या गोष्टी अशा नाहीत, हेही सांगायला हवं. तुम्ही भावाच्या घरी राहता म्हणून सांगते, २ शमुवेल १३ मधली दाविदाची मुलगी तामार हीसुद्धा भावाच्याच घरी राहिली, सावत्र भाऊ अम्नोन याने अत्याचार केल्यावर. बाप रागावला आणि त्याने केलं काहीच नाही. तिथे दूत येत नाही, विहीर दिसत नाही. पण ती अम्नोनला काय काय म्हणाली, कसं समजावलं, मी माझी लाज घेऊन कुठे जाऊ असं कसं विचारलं, हे सगळं तिच्या शब्दांत लिहून ठेवलं आहे. राजघराण्याची अब्रू जाईल म्हणून ते गाळलेलं नाही. आणि पुढच्या अध्यायात कळतं की भाऊ अबशालोम याने आपल्या मुलीचं नाव तामार ठेवलं. मी हा भाग घेते तेव्हा याच्यापुढे काही बोलत नाही.

"टाकलेली" हा शब्द शास्त्रात तुम्हाला शोधायचाच असेल तर यशया ६२ वाचा. यरुशलेमेला देव म्हणतो की तुला यापुढे या नावाने कुणी हाक मारणार नाही, तुझं नाव हेफसीबा, म्हणजे मला जी आवडते ती. आणि मदर्स डेच्या आदल्या रात्री यशया ५६ काढा. तिथे ज्यांना मूल होणारच नाही अशांना देव आपल्या घरात जागा देतो आणि मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देतो. फुलं वाटणाऱ्यांना हा अध्याय माहीत नसतो. आमच्या संघाने दोन वर्षांपूर्वी ठरवलं, फुलं वाटायची तर सगळ्या बायकांना, नाहीतर कुणालाच नको. थोडी कुरकुर झाली. फुलवाल्याचं बिल जरा वाढलं, इतकंच.

राहिलं पाळकसाहेबांचं. भांडू नका. उपासना संपल्यावर बायबल घेऊन जा आणि सरळ विचारा, साहेब, योहानाच्या चौथ्या अध्यायात "पाप" हा शब्द कुठल्या वचनात आहे, मला दाखवाल का? मी स्वतः पहिल्यापासून चोपन्नाव्या वचनापर्यंत बोट ठेवून शोधला आहे. नाही सापडला.